बाथरूम फोडायला काढलंय : तुमचे अनुभव सांगा

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटला तीस वर्षं होत आली. खालच्या काकूंच्या छताला ओल धरली आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाल्यावर एकदाचं ठरलं. जागा जेमतेम सहा बाय चार, संडास शेजारी वेगळा. लेकीला काळे नळ आणि काचेचं पार्टिशन हवंय. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंचं म्हणणं, बादली आणि पाट ठेवायला जागा सोडा, बाकी काय ते करा. टाइल्सच्या रंगावर सल्ला देणारे नातेवाईक पुष्कळ आहेत. ज्यांनी काम करून घेऊन त्यात दोन-चार पावसाळे काढलेत, त्यांनी लिहा.

डोंबिवलीहून
खाली ओल आहे म्हणजे रंग-टाइल्स नंतर. जुन्या फरशीवरच नवीन चिकटवून देतो, धूळ नाही, आवाज नाही, असं सांगणारे भेटतील. त्यांना दारातूनच नमस्कार करा. गळती तशीच राहते, वर फरशीची उंची वाढते आणि पाणी उंबरा ओलांडून पॅसेजमध्ये येतं. आम्ही कोबा स्लॅबपर्यंत उकरला. नहाणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी वाहून जायचं भांडं) बदलला, जीआयचे म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, गंजलेले पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारे प्लास्टिकचे, टाकले, वॉटरप्रूफिंगचं कोटिंग भिंतीवरही फूटभर चढवलं. मग ट्रॅपला बोळा कोंबून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ खालच्यांकडे जाऊन छत बघितलं. (चहा झाला, जुनी भांडणंही मिटली.) ठेकेदार कुरकुरत होता, आजवर कोणी असलं मागितलं नाही म्हणून. कुरकुरू दे. या चाचणीआधी एक फरशी बसवू देऊ नका.

छत्रपती संभाजीनगरहून
पाणी बोअरचं असेल तर लेकीची समजूत काढा. काळ्या मॅट नळावर क्षारांचे पांढरे ओघळ लगेच उठून दिसतात, आणि घासायला गेलं की कोटिंग निघतं. साधं क्रोम फडक्याने पुसलं की झालं. काचेचंही तेच, रोज वायपर फिरवणारं माणूस घरात आहे का ते आधी ठरवा. शिवाय सहा बाय चारमध्ये पार्टिशन घातल्यावर पाट कुठे मांडणार?

नाशिकहून
सासूबाईंबद्दल वाचलं म्हणून लिहिते. माझे बाबा पडले ते ओल्या फरशीवर नाही, तर उठताना टॉवेलच्या दांडीला धरलं आणि ती स्क्रूसकट हातात आली. नवीन काम करताना वेगळा स्टीलचा दांडा विटेत पक्का बसवून घेतला, त्यांच्या हाताच्या उंचीला. बाबांना स्टुलावर बसवून खूण केली. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कोणी पडलं की आत उघडणारं दार त्याच अंगावर अडतं. फरशी मॅट, एक बाय एक फुटाची. मोठ्या टाइल्सना चारही बाजूंनी जाळीकडे उतार देणं अवघड जातं. चार फुटांत निदान अर्धा इंच उतार हवा. मिस्त्री 'आहे, आहे' म्हणतो. टाइल्स चिकटायच्या आत लेव्हल-पट्टी ठेवून बघा. अगदी खरखरीत अँटी-स्किड मात्र घेऊ नका, साबणाचा थर त्यात बसतो आणि मग तीच निसरडी होते.

चिपळूणहून
पीओपीचं सीलिंग नको. आमच्याकडे एका पावसाळ्यात बुरशीने काळं पडलं. आता पीव्हीसीच्या पट्ट्या आणि एक्झॉस्ट फॅन. बाकी काही अडचण नाही.

न्यू जर्सीहून
इथलं गणितच निराळं. खाली लाकडी फळ्या आणि प्लायवूड, टबाबाहेर पाणी जायला जाळीच नाही. आई आली की तिला बादली-मग टबात ठेवून द्यायचो आणि 'बाहेर पाणी सांडू नकोस गं' हे दिवसभर ऐकवायचो. नूतनीकरणात टब काढून बुटक्या कडेचा शॉवर करून घेतला, हातात धरायच्या शॉवरसकट. आई खूश. तुमच्याकडे जाळी आहे, उतार आहे, फरशी धुता येते. परदेशी फोटो बघून हे सुख घालवू नका.

कोल्हापूरहून
गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. जागा नाही म्हणून आत बसवून देणारे प्लंबर आहेत, त्यांचं ऐकू नका. विजेचा असेल तर अर्थिंग तपासा आणि आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पार्टिशन रद्द, लेक दोन दिवस रुसणार. काळ्या नळावर वाटाघाटी चालू आहेत, आमच्याकडे पाणी महापालिकेचं आहे हा तिचा मुद्दा. दांड्याची उंची आजच मोजते.

ठाण्याहून
आणखी एक. टाइल्स लावायच्या आधी चारही भिंतींचे फोटो काढा, पाइपशेजारी मोजपट्टी धरून. पुढे आरसा लावताना ड्रिल कुठे चालवायचं नाही ते कळतं.