कुणी फसलं की त्यालाच शिव्या, आणि बँकेची काहीच जबाबदारी नाही?

खडीसाखर
कुणीही ऑनलाइन फसलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, ‘एवढं साधं कसं कळलं नाही?’ मला याचा आता खरंच राग येतो. आमच्या सोसायटीतल्या एका रिटायर्ड शिक्षिकेला ‘डिजिटल अरेस्ट’वाल्यांनी, म्हणजे खोटे पोलीस बनून फोनवरच ‘अटक’ करणाऱ्यांनी, गाठलं, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगितलं तर त्यांच्यावरही केस होईल वगैरे. बाईंनी एफडी मोडून चोरांच्या खात्यात आरटीजीएसने पैसे पाठवले. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मन की बात’मध्ये सांगून झालं, कॉलर ट्यून महिनोन्महिने वाजली, तरी माणसं अडकतातच ना? म्हणजे नुसती जागरूकता पुरत नाही. ज्या खात्यात वर्षानुवर्षं फक्त पेन्शन येते आणि लाइटबिल जातं, त्यातून सगळी एफडी एका अनोळखी खात्यात चाललीय तर बँकेने एक दिवस थांबवायला काय हरकत आहे? आणि नियम बघा. २०१७ च्या आरबीआयच्या सर्क्युलरप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे उडवले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही येत नाही. पण ओटीपी तुम्ही दिलात तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, आणि भीतीपोटी स्वतःच्या सहीने पैसे पाठवलेत तर मग विचारूच नका.

सोलापूरचा_सूतवाला
बाईंबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा पटला नाही. बँकेने पैसे भरून द्यायचे म्हणजे कुणाच्या खिशातून? तुमच्या माझ्याच ना. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही हे किती वर्षं सांगायचं लोकांना? आणि एक दिवस थांबवायचं म्हणता, मी सूत घेतो, पार्टीला त्याच दिवशी पैसे गेले नाहीत तर गाडी भरत नाही ओ. कुणी दवाखान्यात ॲडमिट असेल तर डिपॉझिट उद्या भरतो म्हणणार का? थोड्या लोकांसाठी सगळ्यांना वेठीस धरू नका.

काउंटर_नंबर_चार
मी बँकेत आहे म्हणून लिहितोय. आम्ही विचारत नाही असं नाहीये. पण समोरच्याला उत्तरं पढवलेली असतात, ‘मुलाच्या फ्लॅटसाठी’. एका आजींचा फॉर्म भरताना हात थरथरत होता, पर्स छातीशी घट्ट धरलेली आणि आतला फोन चालूच, म्हणजे आम्ही काय बोलतोय ते तिकडे ऐकू जात होतं. मॅनेजरनी कागदावर लिहून विचारलं, ‘कुणी धमकी देतंय का?’ त्या नुसत्या रडायला लागल्या. त्या वाचल्या. पण दुसऱ्या एका काकांनी ‘माझे पैसे, तुम्ही कोण विचारणार’ म्हणून सगळी ब्रँच डोक्यावर घेतली होती. माणूस सही करून पैसे मागतोय, ते आम्ही कशाच्या जोरावर अडवायचे? उद्या तोच तक्रार करणार. स्पष्ट नियम करा, आम्ही आनंदाने थांबवू.

लीड्सकर
इकडे ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम आहेच. फसवून पैसे पाठवायला लावले तर ८५,००० पौंडांपर्यंत बँकेने परत द्यायचे, निम्मे पाठवणाऱ्या बँकेने आणि निम्मे ज्या बँकेत गेले तिने. परदेशात गेलेले पैसे यात येत नाहीत, अगदीच बेफिकिरी केली असेल तरी नाही. मला यातलं दुसरं निम्मं महत्त्वाचं वाटतं. चोराला खातं उघडून देणाऱ्या बँकेच्या खिशाला चाट बसते.

सोलापूरचा_सूतवाला
आपल्याकडे असं केलं तर मामेभावाला पैसे पाठवून ‘फसलो’ म्हणून क्लेम करणारे पहिल्याच आठवड्यात निघतील.

देवगडची_बाग
अडवायचे अधिकार वाढवा म्हणणाऱ्यांनी जरा आमचंही ऐका. हापूसच्या पेट्या पाठवल्या, परराज्यातल्या गिऱ्हाइकाने यूपीआय केलं, आणि काही दिवसांनी आमचं अख्खं खातं फ्रीझ. का, तर ते पैसे म्हणे कुठल्यातरी फ्रॉडमधून फिरत आलेले. तक्रार तिसऱ्याच राज्यातली, बँक म्हणते पोलिसांना विचारा आणि पोलीस फोन उचलत नाहीत. बिल, ट्रान्सपोर्टची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट, सगळं मेल करत बसलो, ऐन सीझनमध्ये गड्यांची मजुरी अडकली. आम्ही कुणाला फसवलं होतं? वादातली रक्कम रोखा, पूर्ण खातं कशाला?

खडीसाखर
देवगड, शंभर टक्के मान्य, रक्कम तेवढीच अडवावी आणि निकालाला मुदत असावी. सूतवाले, मी सगळ्यांसाठी म्हणतच नाहीये. साठीच्या पुढचे, पहिल्यांदाच पैसे जातायत असं खातं, आणि तेही ज्याने स्वतः हा पर्याय घेतलाय त्यालाच. सोबत घरातल्या एकाचा नंबर, मोठी रक्कम निघाली की त्याला मेसेज. बाईंच्या मुलाला असा मेसेज गेला असता तर त्याने तेव्हाच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावला असता. आता उशिरा लावला, तोवर पैसे तीन-चार खात्यांत फुटले होते, थोडेच रोखले गेले.

सोलापूरचा_सूतवाला
स्वतःहून घेतलेला पर्याय असेल तर माझी ना नाही, आईच्या खात्याला मीच लावीन. तिच्या फोनवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडली की ॲप इन्स्टॉल करणारी फाइल, होती, नशीब उघडली नाही, नाहीतर सगळे एसएमएस तिकडे वाचले गेले असते. अनोळखी ॲप इन्स्टॉल करायची परवानगी बंद करून टाकली. हे घरच्यांनीच करायचं काम आहे, बँक येऊन करणार नाही. पैसे परत देण्याला मात्र विरोध कायम.

खडीसाखर
बरं, मग एवढंच सांगा. चोरांनी दुसऱ्याकडून भाड्याने घेतलेल्या खात्यात एका दिवसात लाखो रुपये येतात आणि तासाभरात निघून जातात, ते खातं ज्या बँकेचं तिनेही काही भरू नये?

सोलापूरचा_सूतवाला
तिने भरावं, ते मान्य. बाईंच्या बँकेने का भरायचं, ते अजून पटलेलं नाही.