७ बाय साडेचार फुटांचं बाथरूम: फरशीवर फरशी की सगळं उखडायचं?

तिसरा मजला
आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पुण्यातली १९९६ची इमारत, वर फक्त चौथा मजला आणि गच्चीवरची टाकी. संडास-बाथरूम एकत्र, आतून ७ फूट × साडेचार फूट. भारतीय भांडं एका पायरीवर, पाइप जुने जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), टाइल ४ फुटांपर्यंत. खालच्यांच्या छताला आमच्या नहाणीखाली ओलीचा डाग आहे.
हवंय ते असं: कमोड (जमल्यास भिंतीवर टांगलेला), लहान बेसिन, मोठा रेन शॉवर, १५ लिटरचा गीझर. एक कंत्राटदार म्हणतो, जुन्या फरशीवर केमिकल मारून वरून टाइल चिकटवू, आठवड्यात काम. दुसरा म्हणतो सगळं उखडा, तीन आठवडे लागतील. कुणाचं ऐकावं? टांगलेला कमोड बसेल का? टाइल किती मागवू?

ओळंबा
खाली डाग नसता तर फरशीवर फरशीचा विचार करता आला असता. डाग आहे म्हणजे बहुधा पाणी संकमध्ये (फरशीखालच्या खड्ड्यात) साचलंय. बाथरूमचा स्लॅब आजूबाजूपेक्षा ९ ते १२ इंच खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो. फरशीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या (जाळीखालच्या पाणी अडवणाऱ्या वाटीच्या) कडेने झिरपलेलं पाणी त्या भरावात मुरतं आणि स्लॅबमधून खाली उतरतं. वरून मारलेलं केमिकल त्या साचलेल्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या कंत्राटदाराचं ऐका.

कामाचा क्रम असा ठेवा. भराव काढताना वरच्या थराला ब्रेकर चालेल, पण शेवटचे दोन-तीन इंच छन्नी-हातोड्यानेच. संकचा स्लॅब जेमतेम ४-५ इंचांचा असतो. ब्रेकरने तो तडकला तर दुखणं वाढवून घेतलंत. सळई उघडी पडलेली दिसली तर तारेच्या ब्रशने गंज काढून गंजरोधक प्रायमर आणि पॉलिमर मॉर्टर. मग भिंतीतून बाहेर जाणारे पाइप बसवून त्यांच्याभोवती न आकसणारा ग्राउट भरा. बऱ्याच गळत्या याच जागी असतात, आणि मिस्त्री इथेच साध्या सिमेंटच्या गोळ्यावर भागवतो. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात दोन इंचांची गोलाई करा.

त्यावर दोन घटकांचं पॉलिमर-सिमेंट कोटिंग, दोन हात. पहिला आडवा, चार-सहा तासांनी दुसरा उभा. संकच्या चारही बाजू, आणि फरशीच्या वर निदान एक फूट; शॉवरच्या दोन भिंतींना ६ फुटांपर्यंत. कोटिंग पूर्ण सुकल्यावर (डब्यावर लिहिलेले दिवस पाळा) ४८ तास पाणी भरून ठेवा. भिंतीवर पातळीची खूण करा आणि खालच्यांकडे जाऊन छत बघा. काही प्लंबर घाईने २४ तासांतच ते पाणी काढून टाकतात. तसं चालवून घेऊ नका.

अजून एक गोष्ट, जी जवळजवळ कुणीच करत नाही: संकच्या तळाशी पाऊण इंची पाइप डक्टमध्ये (इमारतीच्या पाइपांच्या उभ्या मोकळ्या जागेत) काढून ठेवा, संकचा ढाळ त्याच्याकडे. उद्या पाणी गेलंच तर ते बाहेर टपकेल आणि खालच्यांच्या आधी तुम्हाला कळेल. भराव हलका घ्या, सिपोरेक्सचे (हलक्या सच्छिद्र ब्लॉकचे) तुकडे चालतात. माती किंवा फोडलेला राडारोडा पुन्हा आत ढकलू देऊ नका. भरावावर कोबा, कोब्यावर पुन्हा कोटिंग.

पान्हा
टांगलेल्या कमोडबद्दल. लोकांना वाटतं जागा वाचते. हिशोब करा: कमोड भिंतीपासून २०-२१ इंच पुढे येतो, आणि कन्सील्ड (भिंतीआड लपवलेल्या) फ्लश टाकीसाठी ६-७ इंचांचा कट्टा बांधावा लागतो. एकूण २७ इंच, म्हणजे टाकीसकट जमिनीवर बसणाऱ्या कमोडइतकंच. फायदा एकच, खालची फरशी सलग पुसता येते. साडेचार इंची विटांची भिंत कोरून टाकी आत बसवायला मिस्त्री तयार होईल, नाही म्हणा. बसवायचाच असेल तर जमिनीत पाय असलेली लोखंडी फ्रेम घ्या, वजन फ्रेमने पेलावं, भिंतीने नव्हे.

माझं मत, तुम्ही साधा एस ट्रॅपचा (पाइप खाली फरशीत जाणारा) कमोड घ्या. भारतीय भांड्याचा पाइप फरशीखालूनच जातो, म्हणून तो सोपा पडतो. एस ट्रॅप ४, ९, १२ अशा वेगवेगळ्या इंचांत मिळतो आणि हे अंतर टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंत मोजतात. कच्च्या भिंतीपासून मोजलं की प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-दीड इंच जातो आणि टाकी भिंतीला टेकते. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १५ इंच मोकळे हवेत.

जीआय पूर्ण काढा, अगदी बाहेरच्या उभ्या लाइनच्या टीपर्यंत. आत सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप): मुख्य पाऊण इंच, पॉइंट अर्धा इंच. नळ जिथे लागणार तिथे पितळी आट्यांचंच फिटिंग. प्लास्टिकचे आटे पान्ह्याने आवळले की आतून चिरतात आणि ते टाइल लागून गेल्यावरच कळतं. चिकटवल्यावर २४ तास थांबून टेस्ट पंपाने १० बार दाब द्या, तासभर काटा हलता कामा नये. त्याआधी झिऱ्या (पाइपसाठी भिंतीत कोरलेल्या खाचा) बुजवू देऊ नका.

उंची (तयार फरशीपासून): शॉवर पावणेसात ते ७ फूट, डायव्हर्टर (गरम-गार पाणी मिसळून शॉवर किंवा नळाकडे वळवणारा कॉक) साडेतीन, बादलीचा नळ २ फूट, बेसिनचे अँगल कॉक २० इंच, बेसिनचा काठ ३२, जेट स्प्रेचा कॉक १२ ते १४ इंच बसल्यावर उजव्या हाताला. डायव्हर्टर आधी विकत आणा. त्याच्या टोपीवर कमीतकमी-जास्तीतजास्त खोलीच्या खुणा असतात; टाइलचा पृष्ठभाग त्या दोन्हींच्या मध्ये यायला हवा. खोल गेला तर नॉब बसत नाही.

आणि रेन शॉवर विसरा. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब. तुमच्या शॉवरपासून टाकी पाच-सहा मीटर वर, म्हणजे जेमतेम अर्धा बार. मोठ्या तबकडीतून नुसती ठिबक होईल. ४-६ इंची साधा शॉवर घ्या, नाहीतर प्रेशर पंप लावावा लागेल.

स्पेसर
टाइलचा हिशोब: परिमिती २३ फूट × ७ फूट = १६१, दार-खिडकीचे १८ वजा, उरले १४३. दहा टक्के तुटफूट धरून १५७ चौरस फूट. ३००×४५० मिमीच्या सहा टाइलच्या खोक्यात ८.७ चौरस फूट बसतात, म्हणजे १९ खोकी. फरशीला ३००×३०० मॅट, ३६ नग. सगळी खोकी एकाच बॅचची बघून घ्या आणि दोन-चार टाइल पुढच्या दुरुस्तीला जपून ठेवा.

भिंतीवर साधी सिरॅमिक असेल तर पाण्यात भिजवून सिमेंटवर लागते. व्हिट्रिफाइड पाणी शोषत नाही, तिला अ‍ॅडेसिव्हच (पोत्यावर टाइप २ लिहिलेलं). ३ मिमी थराला २० किलोचं पोतं ४५ चौरस फुटांच्या आसपास पुरतं. टाइल लावताना भिंतीची दुसरी ओळ आधी, मग फरशी, शेवटी तळाची ओळ फरशीवर बसवून. म्हणजे भिंतीवरून येणारं पाणी सांध्यात न शिरता फरशीवर पडतं. ढाळ ७ फुटांत एक ते सव्वा इंच, जाळीकडे. फरशी बाहेरच्यापेक्षा अर्धा इंच तरी खाली आणि दारात ग्रॅनाइटचा उंबरा. सांध्यांत २ मिमी स्पेसर आणि मग इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा मसाला). तो लगेच पुसून घेतला नाही तर टाइलवर धुरकट थर राहतो, तो नंतर घासून निघत नाही.

तिसरा मजला
आभारी आहे. रेन शॉवर रद्द. गीझरच्या वायरिंगचं कुणी सांगेल? आणि खालच्यांचं छत आम्ही लगेच रंगवून दिलं तर चालेल ना?

ओळंबा
३ किलोवॉटचा गीझर १३ अँपिअर घेतो. बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की वीज तोडतो), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा शॉक बसू नये म्हणून तोडतो) आणि डबल पोल (दोन्ही तारा तोडणारा) स्विच बाथरूमच्या बाहेर. झिऱ्या प्लंबिंगबरोबरच मारून घ्या.

छत लगेच रंगवू नका. मुरलेलं पाणी स्लॅबमधून सुकायला काही आठवडे जातात, पावसाळ्यात जास्तच. फुगलेलं प्लास्टर आत्ता खरवडून उघडं ठेवा. डागाची कड पेन्सिलीने आखा, तारीख लिहा. ती आत सरकत सरकत पूर्ण कोरडी झाली की मग पुट्टी आणि रंग. कड बाहेर सरकली तर आधी डक्टमधली सामाईक लाइन तपासून घ्या. ती गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीची.