शेफर्डचं डोकं आणि वीतभर पाय, असा कुत्रा कुणाकडे आहे का?

पाऊसवेडी

दीड महिन्यापूर्वी आमच्याकडे एक कुत्रा आलाय, दत्तक घेतलाय, नाव बंडू. दातांवरून वय तीनच्या आसपास सांगितलं. आता हा प्रकार नक्की कसा दिसतो ते सांगायचं म्हणजे डोकं, नाक, काळा-तपकिरी रंग, झुबकेदार शेपूट, सगळं जर्मन शेफर्डचं, आणि खाली बघाल तर पाय वीतभर. माझा भाऊ म्हणतो शेफर्डला चौरंगाचे पाय लावलेत. खांद्यापाशी उंची ३५ सेंमी आणि वजन १९ किलो. एक कान उभा, दुसरा त्याच्या मूडवर. भुंकला की दाराबाहेरचा माणूस दोन पावलं मागे सरकतो, आणि दार उघडलं की आधी समोर बघतो मग हळूच खाली. फिरायला नेलं की रोज कुणीतरी विचारतंच, हा अजून वाढायचाय का?

ज्यांच्याकडून आणला ते म्हणाले शेफर्ड आणि कॉर्गी (ती आखूड पायांची जात) असावा. शेजारच्या काकांचं मत डॅशहाउंड, तोही आखूड पायांचाच. मी तिन्ही जातींबद्दल रात्री जागून वाचलं आणि आता डोक्याचा पार भुगा झालाय, एक म्हणतं दिवसाला दोन तास पळवा, दुसरं म्हणतं पायऱ्यासुद्धा चढू देऊ नका. मी नक्की कुठला अर्धा कुत्रा सांभाळतेय तेच कळेना.

अजून एक. पहिले तीन-चार आठवडे अगदी गरीब गाय होता, आता स्वभाव दिसायला लागलाय. सोफ्यावर असताना उचलायला गेलं की गुरगुरतो. सोफा स्वतःचा समजतो बहुतेक, शेफर्ड शेवटी राखणदारच ना. हे आत्ताच मोडलेलं बरं असं घरात सगळ्यांचं म्हणणं आहे. कसं मोडायचं?

उंडगा

फोटो टाका आधी! चौरंगाचे पाय वाचून चहा सांडला.

बाकी जात कुठली हा प्रश्न सोडून द्या असं माझं स्पष्ट मत. नुसतं बघून सांगितलेली जात आणि डीएनए टेस्टचा निकाल यांचा बऱ्याचदा मेळच बसत नाही, अगदी रोज शंभर कुत्री बघणारी माणसंसुद्धा चुकतात. आमच्या कुत्रीला सगळे ठामपणे लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर म्हणायचे, गालाच्या आतून काडी फिरवून टेस्टला पाठवली तर लॅबचा अंश औषधापुरता निघाला. आणि ती काय बदलली का त्यानंतर? नाही. चपला तेव्हाही खायची आताही खाते.

सूक्ष्मदर्शी

उंडगा, जात सोडून द्या हे स्वभावापुरतं मान्य, शरीराच्या बाबतीत अजिबात नाही. जरा लांबण लावतो, विषय आवडीचा आहे.

लोकांना वाटतं लहान आणि मोठा कुत्रा एकत्र आला की सगळंच मधलं निघणार. तसं होतं पण सगळ्या बाबतीत नाही. कुत्र्याचा एकूण आकार बऱ्याच जनुकांवर ठरतो, त्यातलं एक मोठं म्हणजे आयजीएफ-१, ते २००७ मध्ये सापडलं. अशी जनुकं दोन्हीकडून थोडी थोडी आली की पिल्लू मधल्या मापाचं होतं, म्हणजे शेफर्ड आणि चिवावा असं मिश्रण घेतलं तर साधारण मध्यम आणि प्रमाणात असलेला कुत्रा निघेल, पाय वेगळे आखूड दिसणार नाहीत, कारण चिवावा हा मुळात सगळीकडूनच लहान असतो. कॉर्गी, डॅशहाउंड, बॅसेट यांचं तसं नसतं. ते खरं तर बऱ्यापैकी अंगाचे कुत्रे आहेत ज्यांच्या पायाची हाडं लवकर वाढायची थांबतात. त्यामागे एफजीएफ-४ नावाच्या जनुकाची एक जास्तीची प्रत आहे, तिचा शोध २००९ मध्ये लागला. ती एका पालकाकडून आली तरी पाय आखडायला पुरते. म्हणून तुमच्या बंडूचं धड दोघांच्या मधलं आणि पाय मात्र जवळजवळ थेट बुटक्या पालकाचे. कॉर्गी की डॅशहाउंड या वादाला त्यामुळे फार अर्थ नाही, पाय बघूनच कळतंय की ती प्रत आहे.

आता तुमच्या कामाची गोष्ट. २०१७ मध्ये त्याच जनुकाची अजून एक प्रत सापडली, वेगळ्या गुणसूत्रावर. तीही पाय थोडे आखूड करते, पण सोबत मणक्यांमधल्या चकत्या फार लवकर म्हाताऱ्या करते, लवचिक गादीसारख्या असायला हव्यात त्या कडक होत जातात. हीसुद्धा एकच प्रत धोका वाढवायला पुरते, आणि कॉर्गी-डॅशहाउंडमध्ये ती भरपूर आढळते. डीएनए टेस्ट करायचीच तर जातींची टक्केवारी बघायला नको, हे एक उत्तर मिळतं म्हणून करा.

स्वभावाचं म्हणाल तर २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोनेक हजार कुत्र्यांचा डीएनए. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला फरक जातीवरून किती समजतो तर जेमतेम ९ टक्के. तेव्हा "शेफर्ड शेवटी राखणदारच" हे वाक्य तीन वर्षांच्या, अर्धवट माहितीच्या कुत्र्याला लावू नका.

आणि तो वाढणार नाही. मोठ्या जातीही दीड-दोन वर्षांत उंचीला थांबतात. रुंदीला वाढेल, ते तुमच्या हातात आहे.

खारूताई

माझ्याकडे नऊ वर्षं लॅब-डॅशहाउंड होता, म्हणजे असं म्हणायचे सगळे, टेस्ट वगैरे काही केली नव्हती. अशा कुत्र्याची गंमत अशी की त्याला स्वतःच्या उंचीचा पत्ताच नसतो. आमचा मोठ्या कुत्र्यांसारखा गाडीच्या डिकीत उडी मारायला जायचा आणि छातीवर आपटायचा, मग आजूबाजूला बघायचा की कुणी पाहिलं का.

व्यायामाचं सांगते. चालणं हवं तेवढं होऊ दे, तासभर आरामात चालतील हे, दम मोठ्या कुत्र्याचा असतो. उड्या नकोत. चेंडू फेकला की पळता पळता अंग पिळून वळतात ना, ते नको. त्याऐवजी वास घेऊ दे, आमचा एका झुडपापाशी दहा मिनिटं घालवायचा आणि घरी येऊन दोन तास घोरायचा. गळपट्ट्याला दोरी लावू नका, छातीचा हार्नेस घ्या, पण मापाचा मिळायला वेळ लागेल कारण छाती मोठ्या साइजची आणि पाय छोट्या साइजचे, काखेत घासतो. आम्ही तीन बदलले. आणि वजन, वजन, वजन. हात फिरवला की बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत, वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे.

पण पाऊसवेडी ताई, मला ते गुरगुरण्याचं वाचून बरं नाही वाटलं. फक्त सोफ्यावरच गुरगुरतो का? की कुठूनही उचललं तरी? आणि तुम्ही उचलता कसं?

पाऊसवेडी

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

खारूताई, तुम्ही विचारलं म्हणून आज लक्ष ठेवलं. सोफ्यावरच असं नाही. दुपारी गाडीत ठेवायला उचललं तेव्हाही गुरगुरला, आणि गाडी काय त्याची नाही. उचलतो म्हणजे पुढच्या दोन पायांखाली हात घालून, लहान मुलाला घेतात तसं, मागचं अंग लोंबतं. सोफ्यावर जाऊन नुसतं शेजारी बसलं, डोकं खाजवलं तर काहीच नाही, उलट मांडीवर हनुवटी ठेवतो.

अजून एक दिसलं. जिन्याच्या खालच्या पायरीपाशी येऊन उभा राहतो, पुढचे पाय वर ठेवतो आणि तसाच थांबतो, मग माझ्याकडे बघतो. मी आळशीपणा समजत होते. आल्या आल्या धावत चढायचा हो.

सुईदोरा

मी प्राण्यांची डॉक्टर आहे. न तपासता निदान करत नाही, पण जे लिहिलंय ते वाचून एवढंच सांगेन की हे मोडायला जाऊ नका, दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. लांब पाठ, आखूड पाय, तीन वर्षं वय, आधी चढायचा तो जिना आता टाळणं आणि उचलल्यावर गुरगुरणं, हे सगळं एकत्र आलं की आधी पाठीचं दुखणं नाही ना ते बघायचं, स्वभावाचं नंतर. तुम्ही सांगितलं तसं उचललं की सगळं वजन मणक्यावर लोंबतं, निरोगी पाठीलाही ते बरं नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या अंगाखाली, पाठ जमिनीला समांतर.

तोवर उड्या, जिना, सोफा बंद. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात. मागचे पाय लटपटायला लागले, ओढत चालला, लघवी होईना किंवा आपोआप व्हायला लागली तर दोन दिवस थांबायचं नाही, त्याच क्षणी न्यायचं, रात्र असली तरी. तिथे तासांचा हिशोब असतो.

आणि गुरगुरला म्हणून रागावू नका. तो सांगतोय. सांगायचं बंद केलं की कुत्रं थेट चावतं.

उंडगा

मी चपलांवरून विनोद करत बसलो होतो. दाखवून आल्यावर लिहा नक्की.

पाऊसवेडी

उशिरा लिहितेय, मधले तीन आठवडे कसे गेले विचारू नका.

दुसऱ्याच दिवशी नेलं. डॉक्टरांनी मानेपासून शेपटीपर्यंत एकेक मणका बोटाने दाबत नेला, बंडू जीभ बाहेर काढून मजेत उभा, आणि शेवटच्या बरगडीच्या थोडं मागे आल्यावर तोंड मिटलं, पोट दगडासारखं घट्ट झालं. गुरगुरला नाही, नुसतं वळून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, म्हणजे वरची बाजू खाली. डावा त्याने लगेच सरळ केला. उजवा क्षणभर तसाच राहिला, मग सरळ झाला. तो एक क्षण मला दाखवून ते म्हणाले, पायाचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतोय. एक्स-रेमध्ये दोन चकत्या पांढुरक्या दिसल्या, कडक झाल्याची खूण, पण नस किती दाबली गेलीय ते एमआरआयशिवाय कळणार नाही म्हणाले. पाय चालतायत म्हणून आधी औषध आणि पूर्ण विश्रांती, सहा आठवडे. बिघडलं तर एमआरआय आणि ऑपरेशनचा विचार.

म्हणजे आम्ही इतके दिवस या बिचाऱ्याला सोफ्याचा मालक म्हणून हसत होतो आणि भाऊ "याला शिस्त लावायला हवी" म्हणून मुद्दाम उचलून खाली ठेवत होता. रोज तीन-चार वेळा. त्याला सांगितलं तर दोन दिवस गप्प होता.

आता बंडू पिंजऱ्यात. मोठा घेतलाय, उभा राहून वळता येतं. बाहेर फक्त शी-शूला, दोरी लावून, पाच मिनिटं. पहिले चार दिवस रडारड, घोगऱ्या आवाजात, शेजारचे काका विचारायला आले की काय झालं. मग तुमच्यापैकी कुणीतरी वासाचं लिहिलं होतं ते आठवलं, जुना टॉवेल गुंडाळून त्याच्या घड्यांत खाऊ लपवून देते, अर्धा तास नाक खुपसून बसतो. वेदनाशामक सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून दोन हातांनी उचललं की गुरगुरणं नाही, परवा तर उचलल्यावर जांभई दिली. मागच्या तपासणीत उजवा पंजाही लगेच सरळ केला. वजन ७०० ग्रॅम कमी.

आणि खरा स्वभाव म्हणाल तर पाहुणा आला की पिंजऱ्यातूनच शेपूट आपटतो. राखण शून्य.

सोफ्यासाठी रॅम्प आणून ठेवलाय, तीन आठवड्यांनी लागेल. आमच्या पिंजऱ्याशेजारीच उभा केलाय तर बंडू त्याच्याकडे असा बघतो की जसा काही दुसरा कुत्रा आहे. याची सवय कशी करायची?

खारूताई

उभा नका ठेवू, आत्ताच जमिनीवर सपाट टाका, शी-शूला नेताना त्याच्यावरून चालत जाऊ दे, बाकी काही करू नका. डॉक्टर हो म्हणाले की मग एका टोकाखाली जाड पुस्तक, दोन-तीन दिवसांनी दुसरं. वर खरखरीत चटई चिकटवा, नखं घसरली एकदा की परत पाय ठेवणार नाही. आणि बाजारातले रॅम्प फार चढाचेच असतात, सोफ्याच्या उंचीच्या तिप्पट तरी लांब हवा, माप घेऊन बघा तुमचा किती आहे.

पाऊसवेडी

मोजला. सोफा ४२ सेंमी आणि रॅम्प ९०. म्हणजे परत करावा लागणार, भावाला सांगते, त्यानेच आणलाय.