भाडेकरू घर सोडून गेला, पाच महिन्यांचं भाडं थकलंय. वसुली कशी करावी?

पिवळाचाफा (१६ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. मी सांगलीला राहते. पुण्यात वारज्याला माझ्या नावावर वन बीएचके आहे. मिस्टर गेल्यापासून घरखर्चाचा मोठा भाग त्याच्या भाड्यावर चालतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेल्या डिसेंबरात एका तरुण जोडप्याला फ्लॅट दिला. अकरा महिन्यांचा करार, ऑनलाइन नोंदणी केलेला. भाडं २२,०००, डिपॉझिट ५०,०००. मे महिन्यापर्यंत पाच तारखेच्या आत पैसे यायचे. जूनपासून थांबले. "काकू, पगार अडकलाय, पुढच्या महिन्यात सगळं क्लिअर करतो," असे मेसेज येत राहिले. फार मागे लागल्यावर ५ सप्टेंबरच्या तारखेचा ४४,००० चा चेक दिला, जून आणि जुलैचा. तो ९ तारखेला परत आला, खात्यात पुरेशी रक्कम नाही म्हणून. त्याला सांगितलं तर म्हणाला, काकू, परत टाकू नका, मी रोख देतो. मी थांबले.

३१ ऑक्टोबरला करार संपला आणि त्याच रात्री ते गेले. किल्ल्या पाकिटात घालून वॉचमनकडे ठेवल्या होत्या. आत त्यांचं एक लोखंडी कपाट आणि गॅलरीत तुळशीची कुंडी राहिली आहे. महावितरणचं ४,८६० चं बिलही भरलेलं नाही. तो आता हैदराबादला आहे असं शेजाऱ्यांकडून कळलं. माझा फोन उचलत नाही. पोलिसांकडे गेले तर ते म्हणाले, हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.

डिपॉझिट वजा करूनही ६४,८६० येणं आहे. यातलं काही मिळू शकतं का? वकील लावला तर त्याची फी जाऊन हातात काय उरेल? कोणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया सांगा.

डोंबिवलीलोकल

ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या मते त्याच्या कंपनीच्या एचआरला मेल टाका. बायकोच्या फेसबुकवर आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटोसकट लिहा. चार लोकांत नाव गेलं की पैसे येतात. आणि कपाट विकून टाका सरळ.

लघुवाद

मी पुण्यात दिवाणी वकिली करतो. आधी वरच्या सल्ल्याबद्दल. पिवळाचाफा ताई, यातलं काहीही करू नका. फोटो टाकून बदनामी केलीत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तोच तुमच्यावर फिर्याद करेल, आणि ज्याच्याकडून घेणं आहे त्याच्यासमोर तुम्ही आरोपी म्हणून उभ्या राहाल. कपाट त्याच्या मालकीचं आहे. दोन शेजाऱ्यांना बोलवा, फोटो काढा, यादी करा, त्यावर त्यांच्या सह्या घ्या. मग त्याला लिहून कळवा की इतक्या तारखेपर्यंत घेऊन जा. विकू नका, फेकूही नका.

आता महत्त्वाचं, आणि याला घाई आहे. तो चेक तुमच्याजवळ आहे ना? चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. म्हणजे तुमच्या हातात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच वेळ आहे. सप्टेंबरात तो परत आला तेव्हा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायला हवी होती, ती मुदत गेली. पण मुदतीच्या आत तोच चेक पुन्हा भरता येतो आणि दुसऱ्यांदा परत आला तर त्यावरून नव्यानं नोटीस देता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली हे स्पष्ट केलं आहे. त्यानं "परत टाकू नका" म्हणून सांगितलं त्याचं कारणही बहुधा हेच असेल.

उद्याच बँकेत जा. चेक परत आला तर शिक्क्याचा मेमो मागून घ्या, आणि ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस हातात पडल्यापासून त्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात चेक न वटल्याबद्दलची, म्हणजे कलम १३८ ची, फिर्याद दाखल करायची. यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. तो हैदराबादला गेला म्हणून घाबरू नका. ज्या शाखेत तुमचं खातं आहे तिथल्याच न्यायालयात ही फिर्याद होते, म्हणजे तुम्हाला सांगली सोडावी लागणार नाही.

एक प्रश्न. चेक दिल्यानंतर त्यानं जून-जुलैपोटी काही रक्कम दिली होती का? दिली असेल तर चेक भरण्याआधी मला सांगा, कारण मग चेकची रक्कम आणि खरं येणं जुळत नाही.

पिवळाचाफा

नाही, एक रुपयाही दिला नाही. चेक देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे, आत्ताच काढून पाहिला. उद्या बँक उघडली की जाते. तुमचे फार फार आभार. मी तो कागद वाया गेला असं समजून बसले होते.

लघुवाद

छान. आणि डिपॉझिटचा हिशेब असा मांडा की चेकला धक्का लागणार नाही. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचे ६६,००० आणि विजेचे ४,८६० मिळून ७०,८६०. त्यातून डिपॉझिट ५०,००० वळतं करा, उरले २०,८६०. जून-जुलैचे ४४,००० वेगळे आणि पूर्ण बाकी. नोटिशीतही हेच लिहायचं. बरेच घरमालक सगळं एकत्र कालवून भलतीच रक्कम मागतात. चेकच्या नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट आणि वेगळी मागितलेली हवी, नाहीतर समोरचा वकील तिथेच बोट ठेवतो.

रंगकाम, तुटलेला नळ, मनस्ताप असली कलमं त्यात घालू नका. भिंती रोजच्या वापरानं मळणारच.

भाडेकरूहोतो

मी दुसऱ्या बाजूचा आहे, तरी लिहितो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझा पगार निम्म्यावर आला आणि चार महिन्यांचं भाडं थकलं. तेव्हा मीही फोन उचलायचो नाही. बुडवायचं मनात नव्हतं. लाज वाटायची आणि सांगायला काही नसायचं, एवढंच. आमच्या मालकांनी एक दिवस साध्या कागदावर हिशेब लिहून पाठवला. खाली लिहिलं होतं, "सहा हप्त्यांत दिलेत तरी चालेल, पहिला हप्ता कधी देता ते सांगा." त्या ओळीमुळे मला उत्तर देता आलं. सहाही हप्ते फेडले.

काकू, नोटीस जरूर द्या, तुमचा हक्क आहे. पण तिच्यासोबत हप्त्यांची वाटही दाखवा. शक्य असेल तर त्याच्या वडिलांशी एकदा शांतपणे बोला.

गोदाकाठ

माझा अनुभव नाशिकचा. चेक वगैरे काही नव्हतं, फक्त करार आणि बँकेच्या नोंदी. ७२,००० अडकले होते. मी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन दाखलपूर्व अर्ज दिला. म्हणजे दावा न लावताच प्रकरण लोकअदालतीत ठेवायचं. कोर्ट फी लागली नाही, वकीलही केला नाही. त्यांनी त्याला नोटीस पाठवली.

लोकअदालतीच्या दिवशी तो आईला घेऊन आला होता. पॅनेलवरच्या बाईंनी आधी माझं ऐकलं, मग त्याला विचारलं, "महिन्याला किती झेपतं?" तो म्हणाला, अकरा हजार. माझ्या मनात ७२ चा आकडा पक्का होता, पण त्याची आई सारखी पदराला हात पुसत होती आणि मी ५५,००० वर आले. पाच हप्ते. निवाडा तिथेच लिहिला, दोघांच्या सह्या झाल्या. या निवाड्यावर अपील होत नाही आणि त्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं, त्यामुळे चौथा हप्ता चुकला तेव्हा एका पत्रावर काम झालं.

उणी बाजू एवढीच की समोरचा आलाच नाही तर लोकअदालत काही करू शकत नाही. तुमचा माणूस हैदराबादहून येईल का, हा प्रश्न आहेच.

डोंबिवलीलोकल

माझं आधीचं मागे घेतो, लघुवाद साहेब. रागाच्या भरात लिहिलं. खरं सांगायचं तर माझंच दुखणं आहे. माझ्या भाडेकरूशी लेखी करारच नव्हता, ओळखीतला म्हणून तोंडी ठरलं. आता तो म्हणतो भाडं १२,००० नव्हे, ८,००० ठरलं होतं. तीन वर्षं होत आली. काही होईल?

लघुवाद

अवघड आहे, पण हात टेकण्याइतकं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरतात. पण उलट सिद्ध करायला तुम्हाला वाव आहे. त्यानं खात्यावर दरमहा १२,००० टाकल्याच्या नोंदी असतील तर ८,००० ची गोष्ट टिकणं कठीण. बँकेचं स्टेटमेंट काढा. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं पुसू नका, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. ते कोर्टात द्यायचं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत लागतं, स्क्रीनशॉटच्या नुसत्या प्रिंटवर भागत नाही.

तुमची खरी अडचण मुदत आहे. थकलेल्या भाड्याच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात आणि ती प्रत्येक महिन्याच्या भाड्याची स्वतंत्र मोजतात. म्हणजे तुमचे जुने महिने एकेक करून मुदतीबाहेर जायला लागतील. तो लिहून द्यायला तयार असेल तर मुदत संपायच्या आत सहीनिशी येणं कबूल करून घ्या, त्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं सुरू होतात. नसेल तर या आठवड्यातच वकिलाला भेटा.

सिएटलकर

एक शंका. बाणेरला आमचा फ्लॅट आहे, आम्ही दोघं इकडे. दावा लावायचा तर प्रत्येक तारखेला भारतात यावं लागतं का? आणि कोर्टानं आमच्या बाजूनं निकाल दिला तरी पैसे प्रत्यक्ष येतात कसे?

लघुवाद

विश्वासातल्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र करून द्या, बरंचसं काम ते करू शकतात. फक्त जे व्यवहार तुम्ही स्वतः केले त्याची साक्ष त्यांना देता येत नाही. म्हणून भाडेकरूशी रोजचं बोलणं करणाऱ्यालाच मुखत्यार नेमलेलं बरं. पुण्यात भाड्याच्या वसुलीचा दावा लघुवाद न्यायालयात जातो, रक्कम कितीही असो.

निकालानंतर दरखास्त, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून मागणारा अर्ज, दाखल करावी लागते. त्यात त्याचं बँक खातं किंवा पगार जप्त करून मागता येतो. पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग सोडून बाकीच्यावर टाच येते. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे. पण हे सगळं लांबणारं काम. साठ-सत्तर हजारांसाठी मी अशिलाला आधी नोटीस आणि तडजोड यातच जोर लावायला सांगतो, माझी फी बुडाली तरी.

गोदाकाठ

चाफाताई, आयकराचंही बघा. न मिळालेल्या भाड्यावर कर भरायची गरज नसते, पण अटी आहेत. भाडेकरूनं घर सोडलेलं असावं, तुमच्या दुसऱ्या जागेत तो राहत नसावा आणि वसुलीसाठी तुम्ही कायदेशीर पावलं उचललेली असावीत, किंवा ती का निरर्थक ठरली असती हे दाखवता यावं. नोटिशीची प्रत तिथेही कामी येते. पुढे पैसे मिळाले तर मिळतील त्या वर्षी दाखवायचे.

पिवळाचाफा (२८ नोव्हेंबर २०२५)

चेक १७ ला भरला, २० ला परत आला. मेमो घेतला. इथल्या एका वकील बाईंनी २६ ला नोटीस पाठवली, स्पीड पोस्टनं, पोचपावतीसह. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच गेलंय हे पोस्टात गेल्यावर कळलं. त्याचा नांदेडचा कायमचा पत्ता करारात होता आणि पोलीस पडताळणीच्या फॉर्मवरही तोच होता. भाडेकरूहोतो यांचं ऐकून वेगळं पत्रही लिहिलं, हाताने. ४४,००० एकदम जमत नसतील तर दोन भाग कर, पण तारीख सांग.

पिवळाचाफा (१३ डिसेंबर २०२५)

नोटीस १ तारखेला वडिलांनी घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. काल २५,००० खात्यात आले, बाकीचे जानेवारीत देतो म्हणतात. थांबू का?

लघुवाद

आलेले पैसे ठेवा आणि मिळाल्याचं लिहून कळवा. पण चेकचे १९,००० अजून बाकी आहेत आणि फिर्यादीची मुदत साधारण १६ जानेवारीला संपते. शब्दावर विसंबून ती तारीख जाऊ देऊ नका. त्यांना स्पष्ट कळवा की १० जानेवारीपर्यंत आले नाहीत तर १२ ला फिर्याद दाखल होईल. वकील बाईंना कागद तयार ठेवायला सांगा. उरलेल्या २०,८६० साठी त्याची सही मिळवा.

पिवळाचाफा (११ जानेवारी २०२६)

१९,००० आठ तारखेला आले. आज रविवार म्हणून तो स्वतः कपाट न्यायला वारज्याला आला, मी आदल्या दिवशीच येऊन थांबले होते. सोबत बायको होती. नोकरी मेमध्येच गेली होती, घरी सांगितलं नव्हतं, असं तिनं सांगितलं. मी हिशेबाचा कागद पुढे ठेवला. २०,८६० ची रक्कम, मार्च ते जून चार हप्ते, प्रत्येकी ५,२१५. त्यानं दोनदा वाचला आणि सही केली. शेजारच्या काकांनी साक्षीदार म्हणून केली. जाताना तिनं तुळस मागितली. दोन महिने वॉचमननं पाणी घातलं होतं, बरी फुटली आहे.