3 दुकानांत एसक्यूएल सर्व्हर, क्लाउडवर पोस्टग्रेस, डेटा जुळतच नाही. काय करावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आमची खतं-बियाण्यांची 3 दुकानं आहेत, सांगली, तासगाव आणि विटा. तिन्हीकडं बिलिंग विंडोजवर चालतं, आत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची फुकट आवृत्ती). शेतकऱ्यांना उधारी आणि स्टॉक मोबाईलवर दिसावा म्हणून पोर्टल केलंय, ते लिनक्सवर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसला आहे. दुकानात एक पायथॉन स्क्रिप्ट दर 10 मिनिटांनी चालते, 'बदलल्याची वेळ' या कॉलमवरून नव्या ओळी उचलते आणि वर टाकते. आता अडचण अशी की काउंटरवर डिलीट केलेलं बिल पोर्टलवर तसंच राहतं, अधूनमधून एखादं बिल वर जातच नाही आणि लॉगमध्ये एररही नसते, शिवाय बऱ्याच शेतकऱ्यांची नावं ???? अशी येतात, बिलिंगमध्ये मात्र मराठी नीट दिसतं. परवा एकजण उधारी भरून गेले तरी मोबाईलवर बाकी दिसत होती म्हणून तासगावहून परत आले, आता त्या माणसाला काय सांगणार. आधी ट्रिगरमधून (ओळ बदलली की आपोआप चालणारा कोड) लिंक्ड सर्व्हरनं (एका डेटाबेसमधून दुसऱ्याला जोडणी) थेट पोस्टग्रेसला लिहून बघितलं, पण नेट गेलं की बिलच अडकायचं आणि काउंटरला रांग लागायची, ते बंद केलं. पुढं पोर्टलवरून ऑर्डरपण घ्यायच्यात. कुणी असं जमवलंय का?

मंदार_के:
डेबिझियम (डेटाबेसमधले बदल टिपणारं टूल) बघा, काफ्काबरोबर (ते बदल रांगेत ठेवून पुढं पोचवणारा सर्व्हर). आमच्या कंपनीत मायएसक्यूएलचा बिनलॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) वाचून सगळं पुढं जातं, डिलीटसुद्धा. पोलिंगचा, म्हणजे दर काही मिनिटांनी विचारत बसायचा, नादच सोडा.

स्वप्ना_डीबीए:
मंदार, मायएसक्यूएलला ते छान चालतं, पण यांच्याकडं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस आहे. डेबिझियमला तिथं सीडीसी (चेंज डेटा कॅप्चर, बदल टिपून ठेवायची सोय) लागतं आणि एक्सप्रेसमध्ये सीडीसी नाहीच, एसक्यूएल एजंटपण (ठरल्या वेळी कामं चालवणारा) नाही. रेप्लिकेशन (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर आपोआप नेणं) म्हणाल तर एक्सप्रेस फक्त घेणारा होऊ शकतो, देणारा नाही. आणि 3 दुकानांसाठी काफ्का सांभाळणार कोण?

कृष्णाकाठ, तुमच्यासाठी चेंज ट्रॅकिंग आहे (कुठल्या ओळी बदलल्या ते सर्व्हर स्वतः टिपतो), ते एक्सप्रेसमध्ये चालतं. डेटाबेसला आणि मग हव्या त्या टेबलांना चालू करायचं, टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) मात्र पाहिजे. वेंडरच्या (बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांच्या) टेबलात एकही कॉलम वाढवावा लागत नाही (तरी त्यांना विचारून करा). मग चेंजटेबल फंक्शनला 'मागच्या व्हर्जननंतर काय बदललं' विचारलं की ते की आणि आय, यू, डी (नवी, बदललेली, डिलीट झालेली) यातलं एक अक्षर देतं, म्हणजे डिलीटही कळतं. ओळीतला बाकी डेटा मूळ टेबलाशी जॉइन करून (की वरून जोडून) घ्यायचा, आणि हे सगळं स्नॅपशॉट आयसोलेशनमध्ये (एकाच क्षणाचं स्थिर चित्र) वाचा म्हणजे मधेच कुणी बिल केलं तरी गडबड होत नाही. एजंट नाही म्हणून विंडोजचा टास्क शेड्युलर, तो पुरतो.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा. बदल जपून ठेवायची मुदत मुळात 2 दिवसांची असते. ब्रॉडबँड 3 दिवस मेलं की जुने बदल साफ होऊन जातात आणि स्क्रिप्टला ते कळतसुद्धा नाही, ती उरलेलं घेऊन खुशाल पुढं जाते. मुदत 14 दिवस करा आणि दर फेरीला आधी 'किमान वैध व्हर्जन' विचारा, आपला नंबर त्याच्या मागं पडला असेल तर ते टेबल पूर्ण नव्यानं न्यायचं, दुसरा इलाज नाही.

गायब बिलांचं सांगा, ती 'बदलल्याची वेळ' कोण भरतं? सर्व्हर की काउंटरचा पीसी?

कृष्णाकाठ:
ताई, आत्ता बघितलं, काउंटरचा पीसीच भरतो. विट्याच्या दुसऱ्या काउंटरचं घड्याळ 12 मिनिटं मागं आहे!

स्वप्ना_डीबीए:
मग हेच कारण. स्क्रिप्टनं 11:05 ची खूण ठेवली, त्या काउंटरनं 11:06 ला केलेल्या बिलावर 10:54 पडलं, पुढच्या फेरीला स्क्रिप्ट 11:05 च्या पुढचं मागते. ते बिल कधीच जाणार नाही आणि एररही येणार नाही, कारण स्क्रिप्टच्या दृष्टीनं काही चुकलेलंच नाही. घड्याळ दुरुस्त कराच, पण सिंक घड्याळाच्या भरवशावर ठेवूच नका. चेंज ट्रॅकिंगचा व्हर्जन नंबर सर्व्हर स्वतः देतो, बदल कमिट (पक्का) झाल्यावर.

तो शेवटचा नंबर दुकानातल्या फाईलमध्ये ठेवू नका. पोस्टग्रेसमध्ये ठेवा, ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये ओळी लिहिता त्यातच. मधेच वीज गेली तर दोन्ही होतं किंवा दोन्ही होत नाही.

गोदातीर_नाशिक:
???? बद्दल. बिलिंगमध्ये नीट दिसतंय म्हणजे मूळ कॉलम एनव्हारचार (युनिकोड अक्षरं ठेवणारा) असणार, अक्षरं वाटेत मरतायत. स्क्रिप्ट मधे सीएसव्ही (साध्या मजकुराची फाईल) बनवते का? ती विंडोजच्या एन्सी एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायची जुनी पद्धत, तीत देवनागरी नाही) सेव्ह झाली की देवनागरीचं प्रत्येक अक्षर प्रश्नचिन्ह होतं आणि प्रश्नचिन्हावरून मूळ अक्षर परत मिळत नाही. यूटीएफ-8 (युनिकोड एन्कोडिंग) करा आणि ती नावं पुन्हा पाठवा. प्रश्नचिन्हांऐवजी इंग्रजी अक्षरांचा गिचमिड दिसला तर भानगड वेगळी, तो डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला असतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

तारखा पण तपासा. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटटाईमला टाइमझोन नसतो. तुमचं 31 मार्चचं रात्री 8 चं बिल पोस्टग्रेसनं यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) समजून घेतलं तर पोर्टलवर ते 1 एप्रिल पहाटे दीडचं दिसणार, म्हणजे थेट पुढच्या आर्थिक वर्षात. संध्याकाळी साडेसहानंतरचं प्रत्येक बिल एक दिवस पुढं सरकतं. पाठवतानाच +05:30 लावून पाठवा.

कृष्णाकाठ:
सीएसव्हीच बनवते. आणि उधारीच्या यादीत तारखा एक दिवस पुढं दिसतात अशी तक्रार होतीच, आम्हाला वाटलं मोबाईलचा प्रॉब्लेम आहे. दोघांचेही आभार. आता उलटं कसं करायचं, पोर्टलवरच्या ऑर्डरी खाली आणायच्यात आणि स्टॉक दोन्हीकडं बदलणार.

गोदातीर_नाशिक:
स्टॉक दोन्हीकडं बदलू देऊ नका, इथं मी हट्टानं सांगेन. समजा युरियाच्या 40 गोण्या आहेत, दुकानानं 5 विकल्या आणि 35 लिहिलं, त्याच वेळी पोर्टलनं 3 बुक करून 37 लिहिलं. सिंक झाल्यावर जो आकडा शेवटी येईल तो राहणार आणि दोन्ही चूक, खरा आकडा 32. म्हणून आकडा पाठवायचाच नाही, नोंदी पाठवायच्या, वजा 5 आणि वजा 3, आणि शिल्लक बेरजेवरून काढायची. प्रत्येक टेबलाचा मालक एकच ठरवा. बिल, वसुली, रेट दुकानाचे, ऑर्डर पोर्टलची. पोर्टलनं बिलाला हात लावायचा नाही, दुकानानं ऑर्डरची ओळ बदलायची नाही, 'ऑर्डर दिली' ही स्वतंत्र नोंद वर पाठवायची. मग भांडण सोडवायला लॉजिक लिहावंच लागत नाही.

आणि की बघा, तिन्ही दुकानांत बिल नंबर 1 असणार. वर की म्हणजे दुकान कोड आणि बिल नंबर मिळून. त्यावर ऑन कॉन्फ्लिक्टनं लिहा (ओळ आधीच असेल तर दुसरी न घालता तीच बदलते, पोस्टग्रेस 9.5 पासून आहे), तीच ओळ दोनदा गेली तरी बिघडत नाही, नेट जाऊन-येऊन असलं की दोनदा जाणारच.

मंदार_के:
स्वतः लिहायचं नसेल तर सिमेट्रिकडीएस पण आहे, ओपन सोर्स, एसक्यूएल सर्व्हर ते पोस्टग्रेस चालतं आणि नेट तुटलं तर नंतर पाठवतं. ते ट्रिगर लावतं, पण ट्रिगर लोकल टेबलातच लिहितो म्हणून बिल अडकत नाही.

स्वप्ना_डीबीए:
हो, तेही चांगलं आहे, फक्त वेंडरच्या टेबलांवर ट्रिगर लावायला परवानगी घ्या. काहीही वापरा, रोज रात्री एक तपासणी ठेवा, दुकानवार दिवसाची बिलं किती आणि रकमेची बेरीज किती, दोन्हीकडून काढून ताडायची. फरक आला की त्या दिवसाची बिलं पुन्हा पाठवायची. शेतकरी काउंटरवर येऊन सांगेपर्यंत थांबायचं नाही.

कृष्णाकाठ:
हे आजच लावतो. शेवटचं विचारतो, पहिल्यांदा सगळा जुना डेटा वर न्यायचा तर दुकान बंद ठेवावं लागेल का?

स्वप्ना_डीबीए:
नाही, क्रम पाळा फक्त. आधी चेंज ट्रॅकिंग चालू करा, मग चालू व्हर्जन नंबर टिपून ठेवा, मग सगळी टेबलं कॉपी करा, कॉपीला तास लागू दे, दुकानात बिलं होऊ देत. झालं की त्या टिपलेल्या नंबरपासून बदल मागा. कॉपी चालू असताना झालेली बिलं त्यात येतील, काही दोनदा येतील, ती ऑन कॉन्फ्लिक्ट सांभाळून घेईल. नंबर कॉपीनंतर टिपला तर मधली बिलं जातील, तेवढं जपा. विट्यापासून सुरू करा, तिथला डेटा सगळ्यात बिघडलेला दिसतोय.