डोळे काढण्यापर्यंत जाणारी मारामारी अमेरिकेच्या सरहद्दीवर का रुजली?

खानापूरकर:
माझे आजोबा आमच्या गावच्या तालमीतले पैलवान होते. त्यांचे दोन्ही कान मोडलेले होते आणि गुडघाही एकदा कायमचा दुखावला होता, पण त्यांच्या तालमीत कोणाचे बोट समोरच्याच्या डोळ्याकडे गेले, की वस्ताद कुस्ती तिथेच सोडवत आणि त्या पोराला आठ दिवस मातीत उतरू देत नसत. अठराव्या शतकातल्या व्हर्जिनिया, कॅरोलायना, केंटकी या भागांत मात्र 'रफ अँड टंबल' नावाची निःशस्त्र मारामारी चालत असे आणि तिच्यात प्रतिस्पर्ध्याचा डोळा अंगठ्याने उपटणे हाच विजय मानला जाई, असे वाचनात आले. तिथे कायदा नव्हता म्हणून हे घडले का? आणि नेमका डोळाच का?

निपाणीचे गुरुजी:
कायदा नव्हता, असे म्हणता येणार नाही. उत्तर कॅरोलायनाचे गव्हर्नर गॅब्रिएल जॉन्स्टन यांनी १७४६ मध्येच या रानटी मारामारीविरुद्ध कायदा करण्याची मागणी विधिमंडळाकडे केली होती. व्हर्जिनियाने १७५२ मध्ये डोळा काढणे, नाक किंवा ओठ चावून तोडणे हे गंभीर गुन्हे ठरवले. तेवढ्याने भागले नाही, म्हणून १७७२ मध्ये त्यात चावणे, लाथा मारणे आणि तुडवणे यांचीही भर घालावी लागली. वीस वर्षांत कायदा पुन्हा दुरुस्त करावा लागतो, याचाच अर्थ गावोगाव त्याला कोणी जुमानत नव्हते.

आपण 'सीमाभाग' म्हणतो तो दोन राज्यांमधला, शेकडो वर्षांच्या वस्तीचा मुलूख आहे. त्यांची सरहद्द म्हणजे वस्ती संपून जंगल सुरू होते ती कड. तिथे शिकारी, गुरे राखणारे आणि तुटपुंज्या जमिनीवरचे शेतकरी राहत, आणि त्यांतले पुष्कळजण उत्तर आयर्लंडमधून आलेल्या स्कॉटिश कुटुंबांतले होते. कोर्टाचा दिवस, निवडणूक किंवा नागरिक-फौजेची कवायत असली की माणसे गोळा होत, दारू चाले आणि अपमानाचा हिशेब तिथेच चुकता होई. व्हर्जिनियात एका जमीनदाराच्या मुलांना शिकवणाऱ्या फिलिप फिथियन या तरुणाने १७७४ च्या रोजनिशीत भांडणांची कारणे लिहून ठेवली आहेत: कोणी दुसऱ्याची टोपी भलतीकडे ठेवली, कोणी हातातले पीच फळ पाडले, तर कोणी बाटलीचे तोंड न पुसता दारू पुढे केली. वरच्या वर्गातले लोक अब्रूसाठी पिस्तुलाचे द्वंद्व खेळत. गरिबाजवळ अब्रूखेरीज गमावण्यासारखे फारसे नव्हते आणि ती राखायला हातच होते.

लढत सुरू होण्यापूर्वी ती नियमांनी खेळायची की 'रफ अँड टंबल', हे दोघे ठरवत. दुसरे ठरले, तर एकजण हार मानेपर्यंत किंवा निकामी होईपर्यंत कोणी मध्ये पडत नसे. डोळा का, याचे उत्तर मला यातच दिसते. बरगडी मोडली तर ती कपड्याखाली झाकता येते. गेलेला डोळा मात्र पुढच्या प्रत्येक बाजारात पराभवाची साक्ष देत राहतो.

बेळगावचा वाचक:
गुरुजींच्या मांडणीला एक पुरवणी जोडतो. १७९० च्या दशकात आयझॅक वेल्ड या प्रवाशाने लिहिले, की कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या काही भागांत दर तिसरा-चौथा माणूस एकडोळ्या दिसतो. पण हे त्याने स्वतः मोजले नव्हते, विश्वासू माणसांकडून ऐकले होते. नखे वाढवून मेणबत्तीवर कडक करण्याच्या कथाही अशाच प्रवासवर्णनांतून येतात, आणि ती लिहिणाऱ्या सुशिक्षित पाहुण्यांना गरीब डोंगराळ लोकांविषयी मुळातच तुच्छता होती. मी कायद्याच्या कलमांवर विश्वास ठेवीन. अशा आकड्यांवर ठेवणार नाही.

चिकोडीचा पैलवान:
गुरुजी, आपल्याकडची माणसे मवाळ होती असा अर्थ यातून कोणी काढू नये, एवढी माझी विनंती आहे. बांधाच्या कोरावरून आणि पाटाच्या पाण्यावरून आमच्या शिवारात डोकी फुटलेली मी लहानपणी पाहिली आहेत. फरक असा, की ताकदीचा माज जिरवायला आमच्याकडे तालीम होती. जत्रेच्या फडात नारळावरच्या पोराटकी कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत पंच उभे असत, सलामी होई, आणि पाठ मातीला लागली की निकाल सगळ्या गावाला मान्य असे. हरलेल्याची अब्रू जाई, पण पुढच्या जत्रेत ती परत मिळवायला त्याचे हातपाय आणि डोळे शाबूत असत.

अमेरिकेतही असे प्रसंग घडले. १८३१ मध्ये इलिनॉयमधल्या न्यू सेलम या गावी तरुण अब्राहम लिंकन यांची जॅक आर्मस्ट्राँग या दांडग्याशी कुस्ती झाली. कोण जिंकले याबद्दल जुन्या आठवणी जुळत नाहीत, पण दोघे मित्र झाले. पुढे १८५८ मध्ये आर्मस्ट्राँगच्या मुलावर खुनाचा खटला उभा राहिला, तेव्हा लिंकन यांनी एक पैसाही न घेता त्याचे वकीलपत्र घेतले आणि त्याला सोडवले. मातीतली ओळख काय असते, हे आमच्या वस्तादांना वेगळे सांगावे लागले नसते.

खानापूरकर:
सर्वांचे मनापासून आभार. मग ही पद्धत थांबली कशी? कायद्याचा धाक वाढला का?

निपाणीचे गुरुजी:
धाक काही प्रमाणात वाढला, वस्ती दाट झाली आणि चर्चचेही वजन वाढले; पण मला मोठे कारण हत्यार वाटते. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर झालेल्या हाणामारीत जिम बोवी यांनी मोठा सुरा चालवला आणि त्यांच्या नावाचा सुरा दक्षिणेत घरोघर पोहोचला. १८३६ मध्ये सॅम्युएल कोल्ट यांना रिव्हॉल्व्हरचे पेटंट मिळाले. कमरेला सुरा किंवा पिस्तूल लावलेल्या माणसाशी अंगठ्याने लढायला कोणी उभे राहत नाही. डोळे वाचले, पण टोपी भलतीकडे ठेवल्याच्या रागाने सुरू झालेले भांडण आता जीव घेऊन संपू लागले.