वसुली कमी झाली म्हणून ग्रामपंचायत कर्मचाऱ्याचा पगार कापायचा का?

नदीकाठ:
ग्रामपंचायतीचा शिपाई, क्लार्क, पाणी सोडणारा यांच्या किमान वेतनाचा काही हिस्सा राज्य सरकार देतं, उरलेला ग्रामपंचायतीने द्यायचा. एप्रिल 2020 च्या शासन निर्णयाने सरकारचा हिस्साही घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीशी जोडला. गावाने पट्टी थकवली की पोट मारलं जातं ते दारोदार पावत्या फाडत फिरणाऱ्याचं. कर ठरवते ग्रामपंचायत, जप्तीचा अधिकारही तिचाच, मग शिक्षा कर्मचाऱ्याला का? ही अट रद्दच व्हायला हवी.

सातबारा:
असहमत. मी एक टर्म सदस्य होतो. आमच्याकडे पट्टी मागणीची बिलं (नमुना 9 क) फेब्रुवारीपर्यंत कपाटात पडून असायची आणि मार्च लागला की पळापळ. बिलच हातात पडलं नाही तर माणूस पट्टी भरणार कधी? दिवाबत्ती, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, नळदुरुस्ती सगळं याच पैशातून चालतं. कर्मचाऱ्यांवर उत्पन्नाच्या 35 टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. वसुलीच नसेल तर पगार आणायचा कुठून?

पाणवठा:
बिलं घरोघर पोहोचवून घ्यायची जबाबदारी ग्रामसेवक-सरपंचांची नाही का? माझे वडील शिपाई होते. लोक शेतावरून परत आले की पावतीपुस्तक घेऊन निघायचे, कारण तेव्हाच माणूस घरी सापडतो. सगळ्यात मोठा थकबाकीदार एका सदस्याचा चुलता. त्याचा नळ तोडायला गेले की निरोप यायचा, "राहू दे, इलेक्शन तोंडावर आलंय." पुढे त्याच घरातून उमेदवारी अर्ज भरायचा ठरला, तेव्हा सगळी बाकी एका दिवसात भरून दाखला नेला, कारण थकबाकीदार अपात्र ठरतो. म्हणजे पैसे होतेच! आणि वडिलांचा पगार तेव्हा चार महिने झाला नव्हता.

सातबारा:
हे खरं आहे, असं होतं. पण दोष राजकारणाचा असला तरी वसुलीचं बंधन सैल केलं तर ती आणखी खाली जाईल.

गावकूस:
वसुलीवर माणसाची कमाई बांधली की काय होतं ते आपण पूर्वी पाहिलंय. दुसऱ्या बाजीरावाने मामलती, म्हणजे महालांच्या महसूल वसुलीचे अधिकार, मक्त्याने (ठेक्याने) दिल्या आणि मक्तेदारांनी भरलेली रक्कम रयतेला पिळून काढली.

सातबारा:
मक्त्याशी तुलना चुकीची. मक्तेदार नफ्यासाठी वसूल करायचा, शिपायाला त्यात नफा कुठला?

गावकूस:
नफा नाही, नुसता तोटाच, म्हणून तर जास्त वाईट. किमान वेतन मालकाच्या ऐपतीवर ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच सांगितलंय. ग्रामपंचायत मालक असेल तर तिलाही तेच लागू.

नदीकाठ:
माझी मागणी स्पष्ट करतो. किमान वेतन दरमहा पूर्ण मिळावं, वसुली काहीही असो. चांगल्या वसुलीला वरून प्रोत्साहन भत्ता द्या, हरकत नाही. मोठ्या थकबाकीदारांची यादी ग्रामसभेत नावासकट वाचा आणि जप्तीची नोटीस सरपंचाच्या सहीने काढा.

सातबारा:
यादी वाचायला माझा पाठिंबा. भत्त्याला नाही. जिथे वसुली आधीच चांगली आहे, ती मोठी गावं तो भत्ता घेऊन जातील. डोंगरातल्या दोनशे उंबऱ्यांच्या गावात वसुली पूर्ण झाली तरी एकाचा पगार निघत नाही. तिथे सरकारनेच सगळा भार उचलावा, एवढं मी मान्य करतो.